उतारावरचं गवत : उकव्याची टिपणं

उकव्यात रस्त्याकडेचं गवत वर्षातून दोनदा कापलं जातं. एकदा पंधरा ऑगस्टच्या तोंडावर, एकदा जंगल पेटायच्या आधी. पहिली कापणी पाहुण्यांसाठी, दुसरी गावासाठी. पाहुण्यांची कापणी नेमकी अशा दिवसांत येते, जेव्हा नालीचा काठ शेवाळलेला, गवत कमरेएवढं आणि आभाळ कधी फुटेल याचा नेम नसतो. घसरून पडायला याहून चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही.

*

बालाघाटहून भरवेलीमार्गे बैहरकडे निघालं की घाट चढावा लागतो. वर उकवा. पोटात मँगनीज, अंगावर जंगल. इथली खाण भूमिगत आहे आणि मॉयलची आहे. कंपनीचं मुख्यालय नागपुरात, खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत. १८९६ साली इंग्रजांच्या सिंडिकेटनं सुरू केलेला हा धंदा १९६२ मध्ये मॉयलच्या रूपात सरकारी झाला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते. त्यामुळे हिंदी, पोवारी, गोंडीच्या गर्दीत तुमसर-रामटेककडची मराठी इथे अजून कानावर पडते.

गवत कापणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र इथे दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक घाटाचा उतार, जो आधीपासून आहे. दुसरा डंपचा उतार, जो माणसानं दगड-मुरूम ओतून केला. सैल ओतलेला दगड साधारण ३५ ते ४० अंशांवर जाऊन थांबतो. तो तिथे थांबलाय, टिकलाय असं नाही. त्यावर जे गवत उगवलंय तेच त्याला धरून आहे. अशा उतारावर कटर घेऊन चढण्याचा विचारही करू नये.

*

उतार डोळ्यांनी मोजू नये. वरून पाहिला की तो सौम्य वाटतो, खालून पाहिला की भिंत वाटते. गवंड्याकडचा ओळंबा आणि एक सरळ काठी पुरते. काठीचं एक टोक उतारावर टेकवा, काठी आडवी धरा, दुसऱ्या टोकापासून ओळंबा खाली सोडा. चार हात आडवं गेल्यावर दोरी एक हात भरली, तर उतार साधारण १४ अंशांचा. तीन हातांना एक भरली, तर १८. दोन हातांना एक, तर २६ च्या पुढे. काठी नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपही चालतं. फक्त फोन गवतावर न ठेवता फळीवर ठेवावा.

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांना बहुतेक उत्पादक १५ अंशांची मर्यादा घालतात. म्हणजे साधारण चाराला एक. त्यापुढे यंत्र उलटतं तेव्हा ते चालवणाऱ्याच्या अंगावर येतं.

*

थोडं गणित. ६० किलोचा माणूस चाराला एकच्या उतारावर उभा राहिला, की त्याला खाली ओढणारा जोर साडेचौदा किलोंचा असतो. दोनाला एकच्या उतारावर तोच जोर सत्तावीस किलोंच्या आसपास जातो. पाठीवर सात-आठ किलोंचं इंजिन चढवलं की ओढ आणखी वाढते आणि अंगाचा तोलही वर सरकतो. आता पायात चप्पल आणि चपलेखाली ओलं गवत आहे असं धरा. पुढचं गणित करायची गरज उरत नाही.

*

मुळात गवत कापायचंच कशाला? घाटात तीन कारणं आहेत.

पहिलं वळण. आतल्या बाजूला पुरुषभर गवत वाढलं की समोरून येणारा ट्रक दिसतच नाही. रस्त्यावर आलेलं रानडुक्कर किंवा चितळही दिसत नाही.

दुसरं नाली. गवतात पालापाचोळा, पॉलिथिन आणि मुरूम अडकून नाली बुजते. मग पाणी रस्त्यावरून वाहू लागतं आणि डांबराची कड खात सुटतं.

तिसरं आग. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. मोहफुलं वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात, येणारा-जाणारा विडीचं थोटूक फेकतो. रस्त्याकडेचं वाळकं गवत मग वातीचं काम करतं. वनखात्याच्या जाळरेषा याचसाठी असतात.

चौथं कारण पाहुणे. ते वर येऊन गेलंच आहे.

*

कापायचं, खरवडायचं नाही. फावड्यानं नालीचा काठ लख्ख केला की साहेब खूश होतात. पुढच्या पावसात तोच काठ माती होऊन नालीत बसतो. हरळी वितीपेक्षा खाली नेऊच नये. मुळं राहिली तर काठ राहील. कास, कुसळीसारखं उंच वाढणारं गवत टाचेपासून चार बोटं सोडून छाटावं. त्यानं पात्याखाली दगडही कमी येतात.

तरोटा आणि गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आधी उपटलेलं बरं. पावसाची ओल असताना ते मुळासकट येतं. गाजरगवताला उघड्या हातानं धरू नये. अनेकांच्या अंगाला त्यानं खाज आणि चट्टे येतात.

*

जेसीबीनं नाली काढायची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. तासाभरात फर्लांगभर काम होतं. पण बकेट नालीचे काठ सरळ तासून टाकते. जिथे तिरका, गवत धरून ठेवणारा काठ होता तिथे उभी कड येते. अशा कडेवर माणसाला उभं राहून गवत कापता येत नाही, आणि वासरू आत पडलं तर बाहेर येता येत नाही. गवतकापणीचे निम्मे प्रश्न नाली खणतानाच पेरले जातात. नालीचा काठ तीनाला एक ठेवला, तर पुढे अनेक वर्षं विळ्यानं काम होतं. जागा नाही म्हणून काठ उभाच ठेवावा लागत असेल, तर तिथे दगडाची पिचिंग करावी. मग गवताचा प्रश्नच मिटतो.

*

वळणाच्या खाली एक मावशी गवत कापत होत्या. गाईसाठी, स्वतःच्या. पायात खाणीतले जुने गमबूट, दोन नंबर मोठे, आत गोणपाटाचा तुकडा कोंबलेला. आधी त्यांनी लांब काठीनं गवत बडवलं. मग थोडं थांबल्या. पुन्हा बडवलं. त्यानंतर उताराच्या पायथ्याशी, तोंड चढाकडे करून उकिडव्या बसल्या. डाव्या हातात गवताची मूठ, उजव्या हातात विळा, विळ्याची ओढ अंगाकडे पण गुडघ्याच्या बाहेरून. मूठ कापली की ती डावीकडे आडवी टाकायची आणि अर्धा हात वर सरकायचं. त्यामुळे त्यांचा पाय कायम कापलेल्या जागेवर.

“मावशी, वरून खाली कापत आलं तर सोपं नाही का जात?”

“सोपं जाते न भाऊ. पन पाय घसरला त विळा पोटाखाली येते. मंग कोन सोपं म्हनते?”

यंत्राच्या पुस्तकात चार पानं खर्चून जे सांगितलेलं असतं, ते एवढंच आहे.

*

तीच गोष्ट यंत्राच्या भाषेत. खांद्यावरच्या कटरनं उतारावर काम करताना आडव्या पट्ट्यांनी जावं. पायथ्याची पट्टी आधी, मग तिच्या वरची. उभं राहायचं ते कापलेल्या पट्टीत. परत यायचं तेही कापलेल्या पट्टीतूनच. ढकलायचं चाकांचं यंत्र असेल तर तेही उताराला आडवं न्यावं. उभं नेलं तर चढताना माणूस घसरून त्याच्याखाली जातो किंवा उतरताना यंत्र पळतं. बसून चालवायचं असेल तर नेमकं उलट. ते वर-खाली उभंच न्यावं, कारण आडवं नेलं तर कोलांटी खातं. दोन्ही नियमांत घोळ करणारे खूप.

*

पात्याबद्दल. बहुतेक ब्रश कटरांचं पातं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका देत कापायचं. कापलेलं गवत आपसूक डावीकडे ओळीनं पडतं. पात्याच्या जागी घड्याळाची तबकडी आहे असं समजलं, तर बारा ते तीनचा भाग वाईट. तो भाग खुंटाला, दगडाला किंवा मैलाच्या दगडाच्या पायाला लागला, की सगळा दांडा एका झटक्यात माणसाकडे फेकला जातो. सपाटीवर माणूस दोन पावलं मागे होऊन सावरतो. उतारावर मागे पाऊल टाकायला जमीन नसते.

नालीच्या काठाला, जिथे दगड जास्त, तिथे पातं काढून नायलॉनची दोरी लावावी. जाड गवताला तीन दात्यांचं पातं. झुडपाला गोल करवती पातं. एकाच पात्यानं सगळं कापायचा हट्ट महागात पडतो.

आणि एक. नायलॉन संपली म्हणून क्लचची केबल किंवा बांधणीची तार लावणारे लोक आहेत. तारेचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या छर्‍यासारखा सुटतो. असं यंत्र दिसलं तर चालवणाऱ्याशी वाद घालू नये. आधी लांब व्हावं, मग वाद घालावा.

*

१५ मीटर. चालू कटरपासून दुसरा माणूस एवढा लांब हवा. साधारण वीस मोठी पावलं. उकव्यात हा नियम आणखी कडक पाळायला हवा, कारण मँगनीजच्या ट्रकांतून सांडलेले काळे खडे रस्त्याकडेला गवतात पडलेले असतात. हातात घेतला की कळतं, तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा तो कितीतरी जड लागतो. जड खडा लांब जातो आणि जोरात लागतो.

कापण्याआधी पट्टीतून एक फेरी मारून खडे, बाटल्या, तारा उचलाव्यात. दारूच्या बाटल्या घाटाच्या वळणांवर सर्वांत जास्त सापडतात.

*

अंगावर काय हवं, याची यादी लांब नाही. डोळ्यांना चष्मा, आणि त्यावर जाळीचा मुखवटा. नुसत्या जाळीतून बारीक कण आत येतात, नुसत्या चष्म्यानं गाल उघडे राहतात. कानात बोळे, कारण हे यंत्र ८५ डेसिबलच्या बरंच वर बोलतं आणि कानाचं नुकसान दुखत नाही. नडगीला संरक्षण. खाचांचा तळ असलेले बूट. ओढणी, पदर, गमछा, सगळं कमरेला घट्ट खोचलेलं. दोन्ही खांद्यांचा पट्टा, आणि त्याची झटक्यात सुटणारी कडी चालते की नाही हे सकाळी एकदा सोडून पाहायचं.

पात्यावरचा गार्ड काढून ठेवलेला असतो, तेव्हा कारण एकच सांगतात: “गवत अडकते त्यात.” गवत अडकतं तिथेच दगडही अडकतो. गार्ड त्यासाठीच असतो.

*

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४०. कुठलं हे यंत्रावर आणि तेलाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरावं, आणि वाळक्या गवतावर बसून तर मुळीच भरू नये. फेब्रुवारीत जाळरेषा काढायला गेलेल्या कटरनंच वणवा लावला, असं व्हायला नको.

*

साप. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. मुंबईचं हाफकिन हे औषध बनवण्यासाठी ओळखलं जातं. गवतात सर्वांत घात करते ती घोणस. ती पळून जात नाही. वेटोळं घालून जागेवरच बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. कानात इंजिन असलेल्या माणसाला ती शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून कटर सुरू करण्याआधी काठी चालवायची. मावशींची पद्धत यंत्रवाल्यांनाही लागू आहे.

चावलाच तर दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये. पाय हलू न देता सरळ फळीला बांधावा, वेळ लक्षात ठेवावी आणि दवाखाना गाठावा. घाट उतरून जायला वेळ लागतो, म्हणून गाडी कोणाची आणि ड्रायव्हर कोण, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. भगताकडे नंतर जाता येतं.

*

सापापेक्षा लहान शत्रू. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली, माणसं गेली. गवत-झुडपातल्या अगदी बारीक किड्याची अळी चावते, दुखतही नाही. नंतर ताप, डोकेदुखी, आणि चावल्या जागी कधी कधी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली ती शोधावी लागते. डॉक्सीसायक्लीन वेळेत मिळालं तर माणूस बरा होतो. डॉक्टरांना नुसतं “ताप आला” असं सांगू नये. “गवतात काम केलं होतं” हेही सांगावं. त्या एका वाक्यानं निदानाची दिशा बदलते.

काम संपल्यावर कपडे बदलून अंघोळ. कापलेल्या गवतावर आडवं होऊन डुलकी नाही.

*

शेताच्या बाजूचा काठ असेल तर आधी शेतमालकाला विचारावं. रानडुकरांसाठी कुंपणात चोरून वीज सोडायची सवय या पट्ट्यात जुनी आहे. त्यात जनावरं मरतात आणि माणसंही. गवतात लपलेली उघडी तार आणि धातूचं पातं यांची गाठ पडू देऊ नये. वादळानंतर खांबावरची तार खाली आली असेल, तर वीज कंपनीचा माणूस येऊन जाईपर्यंत ती पट्टी सोडून द्यावी.

गांधीलमाश्यांचं पोळं घाणेरीच्या झुडपात असतं. इंजिनाच्या आवाजानं त्या खवळतात. पाठीला यंत्र अडकवून उतारावरून पळता येत नाही. पट्ट्याची कडी अशा वेळी कामी येते.

*

रस्ता. उतारापेक्षा रस्ता घातकी, तो वाहनांमुळे. काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळावी, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे. घाटात तिचा अर्थ सोपा: काम दिसण्याआधी पाटी दिसली पाहिजे. वळणाच्या अलीकडे पाटी, पलीकडेही पाटी, मध्ये शंकू, आणि लाल झेंडा घेऊन एक माणूस, ज्याला दुसरं काही काम नाही. झेंडेवाल्याच्या हातात विळा दिला की झेंडा खाली पडलाच म्हणून समजा.

कापणाऱ्यानं वाहनांकडे पाठ करू नये. चमकणारं जॅकेट घालावं. पहाटेच्या धुक्यात आणि दिवस मावळताना काम नको. दव वाळल्यावर, म्हणजे साधारण दहानंतर सुरू करावं. उतारासाठी आणि रस्त्यासाठी योग्य वेळ एकच निघते, हा योगायोग चांगला आहे.

पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर मैलकुली असायचे. ठरलेला तुकडा एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं. कुठल्या मोरीखाली पोळं असतं, कुठला काठ भुसभुशीत आहे, हे त्याला माहीत असे. ठेकेदाराच्या टोळीला आज ही माहिती कोणी देत नाही, कारण ती लिहूनच ठेवलेली नाही.

*

“फवारून टाका ना एकदाचं” हा सल्ला हमखास मिळतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फतच करावा असा आदेश काढला. पण आदेश बाजूला ठेवला तरी: नालीचं पाणी ओढ्याला जातं, काठावर गुरं चरतात, मावशी तेच गवत गाईला घालतात. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, ते विदर्भ विसरलेला नाही. आणि मेलेलं गवत माती धरत नाही. उतारावर फवारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दरड मागवणं.

*

घाटापलीकडे बैहर, त्यापुढे कान्हाचं मुक्की गेट. तिथे गवत ही दौलत आहे. कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७० मध्ये साठ-सत्तरवर आला होता. गवताळ मैदानं जपली, म्हणून तो वाचला. तिथल्या गवताला व्यवस्थापन आहे, नकाशा आहे, कॅलेंडर आहे. रस्त्याकडेच्या गवताला फक्त ठेका आहे.

*

बाहेरच्या देशांत नालीच्या गवतासाठी ट्रॅक्टरला लांब हात जोडतात. ट्रॅक्टर डांबरावर सपाट उभा राहतो, हात उतारावर जाऊन कापतो. अलीकडे रिमोटवर चालणारी, साखळीपट्ट्यांची यंत्रंही आली आहेत. उतारावर यंत्र, माणूस सपाटीवर. किमती ऐकून आपण मान हलवतो. पण त्यातली कल्पना फुकट आहे. सपाटीवर उभं राहून लांब दांड्यानं जेवढं कापता येईल तेवढं कापा. त्यापुढचं विळ्यानं, खालून वर, कोरड्या दिवशी. त्याहूनही पुढचं, जिथे पाय टिकत नाही, ते राहू द्या. तिथलं गवत काठ धरून आहे. वळणावरची नजर अडवत नसेल तर ते कोणाचंच नुकसान करत नाही.

*

ग्रामपंचायतीला आणि ठेका देणाऱ्यांना शेवटचं. उतारावरचं गवत रनिंग मीटरवर देऊ नका. मीटरवर पैसे मिळाले की सपाट शंभर मीटर आणि घाटातले शंभर मीटर मोजमाप-पुस्तकात (एमबीत) सारखेच दिसतात, आणि मजूर घाटातले मीटर पळत कापतो. घाटाचा तुकडा वेगळा काढा, त्याला रोजंदारी द्या, पाऊस पडला तर काम बंद ठेवून त्या दिवसाचीही हजेरी लावा. पाट्या, झेंडेवाला आणि बूट हे अंदाजपत्रकातच धरा. आणि मोठी कापणी ऑगस्टऐवजी ऑक्टोबरअखेर ठेवा, काठ वाळल्यावर. पंधरा ऑगस्टला शाळेसमोरचं सपाट मैदान कापलं तरी झेंडा व्यवस्थित फडकतो.